चार मतं आणि एक चुरगळलेला कागद

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"मॅडम, आमचं गाव पुरंदर तालुक्यात. मी नोकरीमुळे हडपसरला राहतो. आत्ताच्या ग्रामपंचायत निवडणुकीत आमच्या वहिनी वॉर्ड तीनमधून महिलेच्या जागेवर उभ्या होत्या, चार मतांनी पडल्या. समोर आमच्याच भावकीतल्या, वहिनींच्या चुलत जाऊ. आडनाव एकच, मशीनवर नावंही एकाखाली एक. वॉर्डात दोन केंद्रं होती. मोजणीला आमचा पुतण्या आत होता. त्याने उतरवलेले आकडे असे: पहिल्या केंद्रावर वहिनी 247, त्या 239, दुसऱ्यावर वहिनी 198, त्या 202. म्हणजे आम्ही चार मतांनी पुढे. स्पीकरवर तसं सांगितलंही, आमच्या पोरांनी गुलाल उधळला. दहा मिनिटांनी जाहीर झालं, वहिनी 441 आणि त्या 445. फेरमोजणी तोंडी मागितली, साहेबांनी नकार दिला. समोरच्यांनी मतदानाच्या आदल्या रात्री पैशांची पाकिटं वाटली. गायरानात त्यांचा गोठा आहे. मशीन सेट होतं असंही गावात बोलतात. चारशेच्या वर मतदार 'आम्ही वहिनींनाच मत दिलं' असं स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायला तयार आहेत. एक ओळखीचे म्हणतात, थेट हायकोर्टात रिट टाका, आठवड्यात स्टे मिळतो. हरियाणात सुप्रीम कोर्टाने मशीन मागवून सरपंच बदलला, मग आपल्याकडे का नाही? निकालाला नऊ दिवस झाले. आम्हाला न्याय मिळेल का?"

नमस्कार.

पत्र मिळालं त्याच संध्याकाळी तुम्हाला दोन ओळींचा निरोप पाठवला होता: पंधरा दिवसांची मुदत आहे, सासवडला वकील गाठा. बाकीचं इथे सविस्तर लिहिते आहे, कारण असंच पत्र दर निवडणुकीनंतर येतं. फक्त गावाचं नाव बदलतं.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 15 प्रमाणे सदस्याच्या निवडीला आव्हान द्यायचं तर निकाल जाहीर झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. तो उमेदवार करू शकतो आणि त्या निवडणुकीतला मतदारही. अर्ज जातो त्या भागाच्या दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे, म्हणजे तुमच्या बाबतीत सासवडच्या कोर्टात. पुण्याला शिवाजीनगरच्या जिल्हा कोर्टातही नाही आणि मुंबईला हायकोर्टातही नाही. हरियाणाच्या कायद्यात हीच मुदत तीस दिवसांची आहे. ती उलटून गेल्यावर उशीर माफ करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तिथल्याच एका प्रकरणात सांगितलं. आपल्याकडे तर दिवस निम्मेच आहेत, तेव्हा 'उशिराचा माफीनामा जोडू' म्हणणारा वकील भेटला तर दुसरा शोधा.

हायकोर्टाचं आधी मिटवून टाकते. राज्यघटनेचं कलम 243-ओ आणि आपल्या कायद्याचं कलम 15-अ या दोन्हींचं म्हणणं एकच आहे: पंचायतीच्या निवडणुकीला ठरवून दिलेल्या मार्गानेच आव्हान देता येतं, दुसऱ्या कुठल्या कोर्टाने ते ऐकायचं नाही. हे तत्त्व जुनं आहे, सर्वोच्च न्यायालयाने ते 1952 सालीच घालून दिलं. पुढे 1982 मध्ये ज्योती बसूंच्या खटल्यात आणखी स्पष्ट झालं की निवडून येण्याचा किंवा निवडीला आव्हान देण्याचा हक्क फक्त कायद्याने दिलेला आहे, म्हणून तो कायद्यात लिहिलेल्या रीतीनेच वापरावा लागतो. तुमच्या ओळखीच्यांच्या सल्ल्याने रिट टाकली असती तर चार-सहा आठवड्यांनी 'कलम 15 खाली जा' असं ऐकून परत आला असता, आणि तोवर कलम 15 ची मुदत कधीच संपलेली असती. अशी घरं मी पाहिली आहेत. हायकोर्टाची वेळ नंतर येते. कलम 15 खालच्या न्यायाधीशांचा निर्णय अंतिम असतो, त्यावर साधं अपील नाही, म्हणून त्या निर्णयात काही घोर चूक असेल तरच रिट. तेही मुंबईला. कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं असलं तरी पुणे जिल्हा तिकडे गेलेला नाही.

आता तुमच्या पत्राकडे वळते. मूळ पत्र साडेतीन पानांचं आहे आणि त्यातली तीन पानं संतापाची आहेत. संताप समजू शकते, पण कोर्टाच्या कामाची ओळ एकच सापडली, ती म्हणजे पुतण्याच्या कागदावरचे आकडे. तुमचं नशीब असं की ही ओळ खरोखर कामाची आहे.

247 अधिक 198 म्हणजे 445. 239 अधिक 202 म्हणजे 441. जाहीर निकालात आकडे तेच आहेत, फक्त नावं उलटी. चार मतं इकडची तिकडे झाली असती तर मी म्हटलं असतं की पोराने घाईत काहीतरी लिहिलं असेल. पण दोन्ही बेरजा तंतोतंत तशाच येऊन फक्त बाजू बदलाव्यात, याला काहीतरी कारण असणार. शिवाय तुम्हीच लिहिता की आडनाव एक आणि नावं एकाखाली एक. ही गोष्ट तुमच्या बाजूने जाते तशी विरुद्धही जाते. तक्ता भरणाऱ्या कर्मचाऱ्याची ओळ चुकू शकते, तशी तुमच्या पुतण्याचीही चुकू शकते. आईची निवडणूक, हातात पेन, समोर मशीनवर क्रमांकांनी येणारे आकडे, त्यात एका वॉर्डात दोन-तीन जागा आणि प्रत्येक जागेचे उमेदवार वेगळे. पहिल्या नावाचा आकडा दुसऱ्यासमोर लिहिला जाणं अगदी शक्य आहे.

म्हणून सगळ्यात आधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे वहिनींच्या सहीचा अर्ज देऊन केंद्रनिहाय मतमोजणी तक्त्याची आणि निकालपत्राची प्रमाणित प्रत मागा. पोच घ्या, त्यावर तारीख आणि शिक्का बघून घ्या. माहिती अधिकारात मागू नका, तिथे उत्तराला तीस दिवसांची मुदत असते आणि तुमच्याकडे तेवढे दिवस नाहीत. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षांनी केलेला नोंदलेल्या मतांचा हिशेब तुमच्या मतदान प्रतिनिधीकडे असेल तर तोही काढा. प्रचाराच्या पत्रकांबरोबर तो कुठेतरी पडलेला असतो.

तक्ता हातात आला की तीनपैकी एक चित्र दिसेल.

तक्त्यात केंद्रनिहाय आकडे पुतण्याच्या कागदासारखेच असतील आणि फक्त एकूण बेरजेत नावं उलटली असतील, तर तुमची केस जवळजवळ कागदावरच सिद्ध होते. मशीन उघडायचीही कदाचित गरज पडणार नाही. असं निघालं तर एक मिनिट दवडू नका.

तक्त्यात केंद्रनिहाय आकडेच उलटे असतील, म्हणजे पहिल्या केंद्रावर वहिनी 239, दुसऱ्यावर 202, तर सरकारी कागद जाहीर निकालाशी जुळतो आणि तुमच्या हातात उरतो एका मुलाने आपल्या आईसाठी लिहिलेला चुरगळलेला कागद. त्याच्यावर एकट्यावर न्यायाधीश मशीन मागवणार नाहीत. फेरमोजणी ही मागितली की मिळाली अशी गोष्ट नाही. मताची गुप्तता जपायची असते, त्यामुळे आधी प्रथमदर्शनी काहीतरी ठोस दाखवावं लागतं. 'उघडून बघा, काहीतरी सापडेल' हे कोर्ट ऐकत नाही. इथे तुम्हाला बाहेरचा आधार लागेल. त्या टेबलावर इतर जागांच्या उमेदवारांचे प्रतिनिधीही बसलेले असणार, काही तुमच्या पॅनेलचे, काही अपक्षांचे. त्यांनी आकडे उतरवले असतील का? विशेषतः ज्याचं तुमच्याशी काही देणंघेणं नाही अशा कोणी? त्याच्या वहीत 247 आणि 239 त्याच क्रमाने निघाले तर कागदाचं वजन एकदम वाढतं.

आणि तो गुलाल! तुम्ही लिहिता की स्पीकरवर आधी तुमच्या बाजूने घोषणा झाली. गुलाल उधळताना कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ घेतलाच असेल, आजकाल व्हिडिओशिवाय गुलाल उधळला जात नाही. त्यात मागे स्पीकरचा आवाज असेल तर तो पुरावा आहे. व्हॉट्सअॅपवर फिरलेली प्रत नको, ज्याने चित्रण केलं त्याचा मूळ फोन जपून ठेवा, त्यातून काही पुसू नका. कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देतील.

तिसरं चित्र असं की तक्त्यातले केंद्रनिहाय आकडे भलतेच निघतील. मग पुतण्याने बहुधा दुसऱ्या जागेचे आकडे उतरवले आणि एकूण बेरीज योगायोगाने जुळली. तसं निघालं तर हा विषय तिथेच सोडा. हे ऐकायला आवडणार नाही, पण आत्ता कळलेलं बरं.

मशीनबद्दल एक तातडीचं काम. निवडणूक निर्णय अधिकारी आणि तहसीलदार यांना लेखी कळवा की या दोन केंद्रांच्या मशीनच्या बाबतीत न्यायालयात अर्ज होणार आहे, त्यातली माहिती तशीच ठेवावी. मशीन पुढच्या निवडणुकीला पुन्हा वापरली जातात. सासवडच्या अर्जातही ही मागणी पहिल्याच तारखेला करा. विधानसभेला असते तशी व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कोणाला गेलं ते दाखवणारी छापील चिठ्ठी ग्रामपंचायतीच्या मशीनला नसते, म्हणजे मशीनमधला आकडा गेला की मोजायला दुसरं काही उरत नाही.

पुरावा पटला तर न्यायाधीश काय करू शकतात? कलम 15 मध्ये त्यांना मतांची छाननी आणि मोजणी करून ज्याला जास्त वैध मतं आहेत त्याला निवडून आलेला घोषित करण्याचा अधिकार आहे. म्हणजे निवडणूक पुन्हा न घेता वहिनी सदस्य होऊ शकतात. समसमान निघाली तर न्यायाधीशांसमोर चिठ्ठी टाकून एक मत वाढवतात, ईश्वरचिठ्ठी तिथेही सुटत नाही.

हरियाणाचं जे तुम्ही ऐकलं ते पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावाचं, आणि ते खरं आहे. 2 नोव्हेंबर 2022 ला सरपंचपदाचं मतदान झालं. एका केंद्राच्या आकड्यांत घोळ झाल्याची तक्रार होती. पानिपतच्या कोर्टाने त्या केंद्राची फेरमोजणी करायला सांगितलं ते एप्रिल 2025 मध्ये. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो आदेश रद्द केला. मग सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या केंद्रांची मशीन दिल्लीला मागवली आणि आपल्या रजिस्ट्रारकडून, दोन्ही पक्षांसमोर, चित्रीकरण करत मोजून घेतली. 1,051 विरुद्ध 1,000, हरलेला जिंकला. ऑगस्ट 2025 मध्ये त्याला सरपंच म्हणून घोषित करायचा आदेश निघाला. तुम्ही यातलं 'सरपंच बदलला' एवढंच पकडलं आहे. मी तारखांकडे बघते. पाच वर्षांच्या मुदतीतली पावणेतीन वर्षं दुसराच माणूस खुर्चीत होता. आणि तो गडी जिंकला कारण त्याची तक्रार नेमकी होती: कोणतं केंद्र, कोणता आकडा. 'मशीन सेट होतं' असं तो म्हणत बसला असता तर पानिपतच्या पुढे गेला नसता.

तेव्हा 'मशीन सेट' हे वाक्य अर्जात घालू नका. एकाच अर्जात एकीकडे म्हणायचं की मशीन बरोबर आहे, तक्ता चुकला, आणि दुसरीकडे म्हणायचं की मशीनच खोटं आहे, तर न्यायाधीश विचारतील की मग मोजून काय मिळवू?

स्टॅम्प पेपरचा विचारही सोडा. मतदान गुप्त आहे. चारशे माणसांनी 'मी अमुकला मत दिलं' असं लिहून दिलं तरी कोर्ट त्यावर निकाल फिरवत नाही. शिवाय त्यातल्या किती जणांनी समोरच्या घरीही हेच सांगितलं असेल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. त्या कागदांचा खर्च वाचवा. खरं तर गावात त्या निमित्ताने घरोघर फिरणं जास्त महागात पडेल, लोक मग इतकी वर्षं बिनबोभाट ज्यांच्याशी बोलत होते त्यांच्याशी बोलायचे थांबतात.

पाकिटांचं काय? मताच्या बदल्यात पैसे देणं हे कायद्यात भ्रष्ट आचरण आहे. सिद्ध झालं तर निवड रद्द होते आणि तो उमेदवार त्यानंतरच्या फेरनिवडणुकीलाही अपात्र ठरवला जातो. पण हा आरोप फौजदारी खटल्याइतक्या कडक पुराव्याने सिद्ध करावा लागतो: कोणी दिले, कोणाला, कुठे, किती वाजता, उमेदवाराच्या संमतीने की परस्पर. घेणारा माणूस कोर्टात उभा राहून 'मी घेतले' म्हणेल का? आणि उलटतपासात वहिनींना विचारलं जाईल की तुमच्या पॅनेलने आदल्या रात्री काय वाटलं. त्याचं उत्तर मला नको, पण वकिलाला खरं सांगा. पुरावा नसेल तर हा मुद्दा घालून स्वच्छ अर्ज गढूळ करू नका.

गायरानातल्या गोठ्याचा रस्ताच वेगळा. सरकारी जमिनीवर अतिक्रमण करणारा सदस्य कलम 14(1)(ज-3) खाली अपात्र ठरतो. तो निर्णय कलम 16 प्रमाणे जिल्हाधिकारी देतात, म्हणजे पुण्याला अर्ज, आणि त्याला पंधरा दिवसांचं बंधन नाही. कुटुंबातल्या दुसऱ्या कोणाचं अतिक्रमण असून सदस्य ते वापरत असेल तरी अपात्रता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ठरवलं आहे. पण जागा गायरानचीच आहे आणि गोठा त्यांचाच आहे हे मोजणी, पंचनामा आणि ग्रामपंचायतीच्या नोंदींवरून दिसावं लागतं. 2024 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या एका महिला सरपंचाला अशाच आरोपावरून काढलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं, आणि बाई सरपंच झाली हेच गावाला पचलं नाही अशा शब्दांत सुनावलं. जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर आता तोही निकाल असतो. आणि त्या अपात्र ठरल्या तरी वहिनी आपोआप सदस्य होत नाहीत. जागा रिकामी होते, पोटनिवडणूक लागते. हा अर्ज करणार असाल तर कशासाठी करताय ते स्वतःशी स्पष्ट असू द्या. जावेला खाली खेचायला की वहिनींना वर बसवायला? वहिनींना बसवण्यासाठी असेल तर त्याचा उपयोग नाही.

यानंतर मला खटकलेली गोष्ट लिहिते. तुमच्या सगळ्या पत्रात 'आम्ही लढलो', 'आम्ही पडलो', 'आम्हाला न्याय' असं आहे. वहिनींचं म्हणणं काय, ते एकाही ओळीत नाही. अर्जावर सही त्यांची होणार, शपथेवर त्या बोलणार, पिंजऱ्यात उलटतपासाला त्या उभ्या राहणार, आणि समोर त्यांची जाऊ असणार. तुम्ही हडपसरला असाल. विहिरीची पाळी त्या दोघींच्या घरांत वाटलेली असेल, सणावारी एकमेकींच्या दारातून जायचं असेल. सासवडच्या तारखा वर्ष-दीड वर्ष सहज चालतात, तोवर जाऊबाई सदस्य म्हणून काम करत राहतील; अर्ज केला म्हणून त्यांना थांबवलं जात नाही. हे सगळं ऐकून वहिनी 'करायचं' म्हणाल्या तर करा, आणि त्यांना वकिलाकडे तुमच्याबरोबर न्या, तुमच्यामागे नव्हे. त्या नको म्हणाल्या तर मतदार म्हणून तुम्ही अर्ज करू शकता हे खरं आहे, पण ज्या बाईसाठी लढायचं तिलाच नको असताना दिराने लढावं, यात मला तरी काही दिसत नाही.

एकदा अर्ज केला की तो गावच्या बैठकीत परस्पर मिटवताही येत नाही. मागे घ्यायचा किंवा तडजोड करायची तर ती प्रामाणिक आहे, संगनमताची नाही, अशी न्यायाधीशांची खात्री पटावी लागते. 'दाखल करून ठेवू, उपसरपंचपदाच्या वाटाघाटीला उपयोग होईल' असा कोणाचा बेत असेल तर तो आत्ताच मोडा.

वकिलाकडे जाताना हे बरोबर न्या: उमेदवारी अर्जाची आणि चिन्हवाटपाची प्रत, अंतिम उमेदवारांची यादी, मतदान आणि मोजणी प्रतिनिधींच्या नेमणुकीची पत्रं, पुतण्याचा मूळ कागद (नव्याने सुवाच्य लिहून काढलेला नव्हे, तोच चुरगळलेला), आणि तक्त्याची प्रत किंवा निदान ती मागितल्याची पोच. तक्ता मुदतीत मिळाला नाही तर पोच जोडून अर्ज दाखल करा आणि तक्ता कोर्टामार्फत मागवा. नंतर मजकूर बदलायलाही न्यायाधीशांची परवानगी लागते, म्हणून आकडे, केंद्र, वेळ, स्पीकरवरची घोषणा, तोंडी फेरमोजणी कोणाकडे मागितली, हे सगळं पहिल्याच अर्जात यायला हवं. फेरमोजणी लेखी का मागितली नाही हा प्रश्न येणारच. त्याचं खरं उत्तर, म्हणजे गुलालाच्या गोंधळात सुचलं नाही, हेच द्या. पुढच्या वेळी मोजणीला जाणाऱ्या प्रतिनिधीच्या खिशात दोन ओळींचा कोरा अर्ज ठेवा.

कोर्टात जा किंवा जाऊ नका, निकालापासून तीस दिवसांच्या आत वहिनींचा निवडणूक खर्चाचा हिशेब सादर व्हायलाच हवा. पडलेल्या उमेदवारांनाही तो लागतो, आणि दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतात. गावातले निम्मे उमेदवार हे विसरतात. पावत्या पुतण्याकडे असतील तर त्याला याच आठवड्यात बसवा.